फुटामागं एक सूत

आमच्या गल्लीत आप्पांनी केलेली कुठलीही लाकडी वस्तू ठरल्यापेक्षा किंचित मोठी निघते. हॉलमधल्या कोनाड्यासाठी मी त्यांच्याकडून पुस्तकांचं कपाट करून घेतलं. टेपनं मोजून, आकडे कागदावर नीट लिहून दिले होते. सहा फुटांचं कपाट पाऊण इंच जास्त भरलं आणि कोनाड्यात शिरेना. नातवंडांनो, तुम्ही सुट्टीला येता तेव्हा ते कपाट पॅसेजमध्ये वाटेत उभं असतं आणि तुमच्या कोपरांना लागतं, त्याचं कारण हे.

"कागद कशाला दिलासा, बाई?" आप्पा उलट मलाच म्हणाले. "भिंत दावायची हुती. माझ्या पट्टीनं मोजून माझ्या पट्टीनं केलं असतं, तर गप बसलं असतं आत."

ही पट्टी फौंड्रीतली आहे. आप्पा उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीत पस्तीस वर्षं पॅटर्न करत होते. पॅटर्न म्हणजे लोखंडी वस्तूचं हुबेहूब लाकडी रूप. ते वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात बीडाचं लोखंड वितळवून ओतायचं. बीड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्या लोकांची पट्टीच वेगळी असते: दर फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, जास्त. आप्पांनी दुसरी पट्टी कधी हातात धरलीच नाही.

"गार झालं की आकसतंय, बाई. जागा सोडाय पायजे." हे वाक्य ते बीडाबद्दल बोलतात, पुढाऱ्यांच्या आश्वासनांबद्दल बोलतात आणि नव्या नवराबायकोंबद्दलही बोलतात.

नील, चार वर्षांपूर्वी त्यांनी तुला दाराच्या चौकटीपाशी उभं करून मोजलं आणि तू शाळेतल्यापेक्षा अर्धा इंच कमी भरलास म्हणून रडलास. तू आकसला नव्हतास. त्यांचा फूटच लांब होता.

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्का अंगानं भरलेल्या, तोंडानं मोकळ्या. "मलाबी त्याच पट्टीनं मोजून आणलेत ह्यांनी," त्या म्हणतात, "म्हणून तर ह्या दोन खोल्यांत मी मावत न्हाय." न मावण्याचं खरं कारण वेगळं आहे. फौंड्री बंद पडली तेव्हा शेकड्यानं पॅटर्न जळणाच्या भावानं बेकरीवाल्याला गेले. आप्पांनी जमतील तेवढे सायकलवर बांधून घरी आणले. तेव्हापासून त्या घरात खाटेखाली लाकडी पंप आहेत, पिठाच्या डब्यावर लाकडी चाकं आहेत.

फौंड्री कशानं बंद पडली, ते आप्पा एका वाक्यात सांगतात. "आमी नुसतं बीड ज्या भावात घेतोय, त्या भावात भाईरच्या देशातनं रंगवलेला पंप खोक्यात घालून येतोय. मग आमाला कोन इचारतंय?" आधी रात्रपाळी गेली, मग ऑर्डरी गेल्या, मग माणसं. त्या माणसांत त्यांचा मुलगा महादेव होता. तो तिथंच मोल्डर होता, वाळूचे साचे करायचा. बापानं लाकडात करावं, लेकानं वाळूत उठवावं, असं बारा वर्षं चाललं. आता महादेव कोगनोळीचा राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडून पलीकडे, कोल्हापूरच्या बाजूला एका गोदामात काम करतो. बाहेरून आलेली खोकी उतरवायची आणि दुकानांना पाठवायची. खोक्यांत पंप असतात.

या उन्हाळ्यात आमच्या टाकीच्या पंपाच्या बॉडीला चीर गेली. पंप बाहेरचा होता. मीच घेतला होता, दोन वर्षांपूर्वी, स्वस्त मिळाला म्हणून. दुकानदार म्हणाला, "आज्जी, याचं सुटं काही मिळत नाही. नवाच घ्या."

आप्पांनी ती फुटकी बॉडी दोन्ही हातांत घेऊन उन्हात फिरवून पाहिली. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"नवा घ्यायचा न्हाय," ते म्हणाले. "मी पॅटर्न करतो. म्हाद्या साचा करंल. कोन तर ओतंल."

तिथंच अंगणात उभं राहून त्यांनी फोन लावला. आप्पा फोनवर कोल्हापूरपर्यंत थेट ऐकू जावं इतक्या मोठ्यानं बोलतात. "म्हाद्या, रविवारी ये रं. साचा तुज्याच हातचा पायजे. हात इसरला न्हाईस न्हवं?"

दोन दिवसांत सागवानाचा पॅटर्न तयार झालेला मी खिडकीतून पाहिला. मी बादल्यांनी पाणी भरत होते, म्हणून विचारलं, "आप्पा, झाला ना?"

"वाईच थांबा," म्हणाले, आणि आणखी दोन दिवस दारात बसून कानशीनं काहीतरी घासत राहिले.

मग पॅटर्न सायकलला बांधून ते उद्यमबागेत हिंडले. ज्या फौंड्र्या अजून चालू आहेत, तिथं त्यांना चहा मिळाला. ओतायला कुणी तयार झालं नाही. एका नगासाठी भट्टी कोण तापवणार? "पाचशे नग असतील तर सांगा, आप्पा," असं त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक जण म्हणाला.

रविवारी महादेव आला. खांद्यावर खोकं होतं.

"आईनं फोन केलता," तो बापाकडे न बघता म्हणाला. "बाई किती दिवस बादल्या उचलनार? आमाला गोदामात कमी भावात मिळतंय."

आक्का आत गेल्या. मला वाटलं, आता आप्पा ओरडणार. त्यांनी खोकं उघडलं, पंप बाहेर काढला आणि नखानं रंग जरा खरवडून पाहिला. नवा पंप जुन्या बोल्टांवर बसत नव्हता, मध्ये फळी घालावी लागणार होती.

"बाई, तुमचा टेप द्या."

"टेप?" मी विचारलं. "आणि तुमची पट्टी?"

"हे गार होऊनच आलंय. ह्याला काय सोडायचं?"

बापलेकांनी मिळून पंप बसवला. दोघांचे हात एकमेकांना न विचारता चालत होते. एकानं पाना मागायच्या आत दुसरा पुढं करत होता. तासाभरात नळाला पाणी आलं आणि, खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. चारच्या बसनं महादेव परत गेला.

तो गेल्यावर आप्पा वर्तमानपत्रात गुंडाळलेला पॅटर्न घेऊन माझ्या दारात आले. "तुमच्याकडं ठेवा. हिला घरात अडचन हुतीय." आक्कांनी आजवर एकही पॅटर्न बाहेर काढला नव्हता, पण मी तो ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी पॅसेजमधल्या त्या कपाटावर ठेवण्यासाठी मी पॅटर्नवरचा कागद सोडला. फौंड्रीत प्रत्येक मोल्डरचं एक अक्षर असे. ते बीडात उठून यायचं, म्हणजे काम कुणाच्या हातचं ते कळायचं. पॅटर्नच्या पोटावर, पाणी बाहेर पडतं त्या तोंडाखाली, सागवानातून कोरून काढलेला 'म' होता. कडा इतक्या गुळगुळीत घासलेल्या की बोट अडत नव्हतं.

अक्षर जरासं मोठं आहे. पट्टी तीच होती.