ऐंशी हजार विटांचं घर

धाकट्या लेकाचं, परमेश्वरचं लग्न झालं ते दोन हजार चोवीस साल. त्याच उन्हाळ्यात सुग्रीवनं दिंद्रुड गावात लेकासुनेसाठी दोन खोल्या बांधल्या. सुग्रीव म्हणजे पंचनाम्यातला पैलवान! गार बोराएवढी पडली तरी तलाठ्यापुढं तो ती नारळाएवढी करायचा. "नुकसान सांगावं तर म्या!" असं छाती फुगवून म्हणायचा.

म्हणून इंजिनिअरिंग शिकणारी संस्कृती टॅब घेऊन गावात आली आणि पारावर बसून नव्या घरांची माहिती विचारू लागली, तेव्हा सुग्रीव सगळ्यांना सारून पुढं झाला.

"आजोबा, विटा किती लागल्या?"

लागल्या होत्या आठ हजार. "ऐंशी हजार!"

"सिमेंट?"

"सोळाशे पोती! लिव."

"लोखंड?"

"पंधरा टन. आन् माजी कंबर गेली, ती बी लिव!"

संस्कृतीनं टॅबवर बोट दाबलं. आकडा लालभडक झाला. "बाप रे! एकशे सत्तर टन!"

"मग! कवा मिळंल?"

"ही भरपाई नाही, आजोबा. विटा भाजताना, सिमेंट-लोखंड बनवताना किती कार्बन हवेत गेला, त्याचा हा अंदाज. तुमचं घर आहे का परळीचं थर्मल वीजकेंद्र? उद्या आमच्या कॉलेजचे सर स्वतः बघायला येतील."

सुग्रीवचाच गवंडी बिभीषण कानाशी लागला, "तात्या, खोटं निगालं तर घर पाडत्यात म्हनं!" आणि खो खो हसला. सुग्रीवला मात्र ते खरंच वाटलं. डोळ्यांपुढं जेसीबी नाचू लागला. हळदीच्या अंगाची सून कुठं न्यावी?

त्यानं वीटभट्टीवाल्याचे पाय धरले. "उसन्या दे बाबा. ऐंशी हजारांतल्या उरल्यात म्हनून दावतो." दिवस मावळायच्या आत तीन ट्रॅक्टर विटा आल्या. अंगणात लग्नाचा मांडव, म्हणून त्या नव्या स्लॅबवर चढल्या.

सकाळी सर दारात आले आणि आतून त्याच्या बायकोची, सारजाबाईची किंकाळी आली, "आवं, वरून खपल्या पडायल्यात! माळवदावर हत्ती बांदलाय का?"

छताला बोट जाईल एवढी चीर! सुग्रीव दाराकडं धावला. "सारजे, भायेर ये! सुनंला काड!"

"विटा उतरवा आधी!" सर ओरडले. सगळी गल्ली जिन्यावर रांगेत उभी राहिली. शेवटची वीट खाली येईपर्यंत सुग्रीव चिरेवरची नजर काढत नव्हता. जणू त्याच्या नजरेनंच छत तोलून धरलं होतं.

मग तो सरांपुढं हात जोडून उभा राहिला. "पंचनामा समजून धा पटीनं बोललो, सायेब. घर पाडू नगा."

"आम्ही कशाला पाडू? तुम्हीच पाडत होतात!"

संस्कृतीनं खरे आकडे घातले. सतरा टन. आकडा हिरवा झाला. "गावात सगळ्यांत कमी, आजोबा!"

सुग्रीवचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच! मग हळूच त्यानं विचारलं, "सरपंच अर्जुनरावाचं किती?"

"नव्वद."

"नव्वद? आन् माजं सतराच कावून? लई हलकं दिसतंय, बाई. तीस तरी लिव की!"

चीर बिभीषणनं बुजवली. सून रोहिणी त्याच घरात नांदते आहे. सुग्रीव दोन हजार पंचवीसच्या कार्तिकात, त्याच धडधाकट स्लॅबखाली, झोपेत वारला.