अण्णा आणि मोकळे रकाने

भरमूअण्णांना साधा प्रश्न विचारायची सोय नाही. चहावाला दारात येऊन "किती कप?" म्हणाला, की संगणकावरची नजर न हलवता अण्णा विचारणार, "बसल्यात ती मोजू का पिणारी मोजू?" चहावाला बिचारा किटली घेऊन उभा. चहा गार होतो आणि आम्ही तापतो.

पलूसच्या आमच्या दूध संस्थेत अण्णा संगणकाचं काम बघतात. माझ्या नशिबानं त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून आहे. एका लग्नात वरबापानं अदबीनं विचारलं, "तुमच्याकडची माणसं किती?" तर अण्णा म्हणाले, "आलेली सांगू का बोलावलेली?" मी ओळख न दाखवता तिथून सटकलो.

यंदा सभासद मेळाव्याच्या जेवणावरून मात्र कहर झाला. आमच्या साहेबांनी स्वतःच संगणकावर सभासद मोजले आणि तेवढीच जेवणाची कुपनं छापायला सांगितली. अण्णांनी आकडा बघितला आणि भडकले.

"साहेब, तुमी मोबाईल नंबरचा रकाना मोजलाय! काउंट म्हंजे मोजायचा हुकूम, त्याच्या कंसात चांदणी टाकली की सगळ्या ओळी मोजतंय. रकान्याचं नाव टाकलं की जिथं मोकळं हाय ती ओळ सोडून देतंय, मुकाट! बिनमोबाईलच्या म्हाताऱ्या सगळ्या गळाल्या की!"

साहेब वैतागले. "मग मोकळ्या जागी शून्य टाका. शून्य मोजलं जातं ना? संपवा विषय."

मला पटलं होतं. अण्णांनी टेबलावर हात आपटला.

"शून्य का म्हणून टाकू? आपल्याला म्हाईत न्हाई, ते मोकळंच ठेवायचं. पण मोकळं हाय म्हणून माणूसच न्हाई व्हय? जन्मभर दूध घातलंय त्या बायांनी. त्यास्नी उपाशी दारातनं परत लावणार?"

आकडा बदलायचा म्हणजे चूक कबूल करायची, आणि साहेबांच्या अंगात ते नाही. अण्णा त्यांच्या केबिनच्या दारातच खुर्ची टाकून बसले. साहेबांना बाहेर पडता येईना. अण्णांचे फोन घ्यायला मी! माझं काय चुकलं होतं, सांगा ना. संध्याकाळी एकदाची नवी कुपनं छापायला गेली.

मेळाव्याला कुंडलच्या अक्काताई आल्या. मोबाईल त्यांनी जन्मात हातात धरलेला नाही. अण्णा पंगतीत आमटी वाढत त्यांच्यापाशी आले, तशा त्या म्हणाल्या, "पोरं किती रं बाळा तुला?"

मी भात वाढता वाढता मान खाली घातली. आता हा माणूस म्हातारीलाही उलटा सवाल टाकणार.

"दोन," अण्णा म्हणाले.

मी चमकून बघितलं. मला त्यांची सांगलीत दिलेली एकच लेक माहीत होती.

"थोरलीचं नाव ठेवायचं ऱ्हायलं, आज्जी. बारशाच्या आधीच गेली."

अक्काताईंचा घास हातातच राहिला. "मग दोनच की रं," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली, पण पाय काही पुढं उचलेना. पंगतीच्या टोकाकडून "आमटी, आमटी!" असा ओरडा सुरू झाला. मला त्या लोकांचा असा काही संताप आला!

"जरा दम धरा की!" मी खेकसलो आणि अण्णांच्या हातातली बादली घेतली.