इमाम पिंजाऱ्याच्या दंडावरची खूण

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच बजावून ठेवतो! तसा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची उचगावात चालच नाही म्हणा. मी इमाम पिंजारी. उभ्या जन्मात दोनच कामं केली, कापूस पिंजला आणि गोष्टी पिंजल्या. कापसाचं कसं असतं, मूठभर घ्यायचा, धनुकलीखाली घालायचा, की बघता बघता खोलीभर होतो. गोष्टीचंही तेच.

फक्त गोष्ट खोलीभर झाली की आतून माझ्या बायकोचा, मदिनाचा आवाज यायचा. "खोटं!"

मग ती चुलीपुढं असो, नाहीतर मागच्या दारी भांडी घासत असो. मी म्हणायचं, "पुराच्या पाण्यात म्हशीचं शेपूट धरून मी चिखलीपासनं शिरोळपर्यंत गेलतो!" की लगेच आतून, "खोटं! शिरोळला माझ्या भावाकडं गेलतासा, यष्टीनं! आनी वाटंत वकलासा!" माणसं हसायची ती माझ्या गोष्टीला नव्हे, तिच्या त्या "खोटं"ला.

आज मदिनाचा चाळिसावा आहे.

फातिहा झाली, जेवणं झाली. वैशाखाचं ऊन असं की डोक्यावरची कौलं तडतडतायत. माणसं अंगणातल्या मांडवाखाली बसलीत आणि सगळी आपापल्या पायांचे अंगठे बघतायत. माझा जुना शेजारी सयाजी मघापासून सुपारी कातरतोय. कातरतोय आणि डब्यात परत टाकतोय. त्याची धाकटी बहीण चिमणाबाई सकाळच्या गाडीनं हुपरीहून आलीय. उंबऱ्यावर बसली ती तशीच. अजून एक अक्षर बोललेली नाही. पलीकडच्या घरातला कृष्णात डोळे मिटून आहे, झोपलाय की रडतोय कळत नाही.

अशा बैठकीत कुणीतरी तोंड उघडावं लागतं. म्हटलं, आपणच उघडावं.

"लस टोचल्यावर मानसाचं काय काय हुतं," मी म्हणालो, "ह्येचा माझ्याएवढा अनुभव अख्ख्या कोल्हापुरात कुनाला न्हाय! ह्या डाव्या दंडावर खूण हाय माझ्या. बंद्या रुपयाएवढी!"

थांबलो. सवयीनं आतल्या दाराकडं बघितलं. आतून काही आलं नाही.

बरं. पुढं.

चिमणीच्या, म्हणजे ह्या चिमणाबाईच्या, लग्नाच्या वर्षाची गोष्ट. आधी दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं होतं, आणि पोरीनं हसणं सोडलं होतं. तिसरं स्थळ हुपरीचं, गणपतरावांचा मुलगा. घरात चांदीचं काम, दिवसभर पैंजणांची छुमछुम. लग्नाची गादी माझ्याकडं होती. अशी गादी पिंजली होती की झोपणाऱ्याला वर तरंगल्यासारखं वाटावं आणि सकाळी उतरायला शिडी लागावी!

लग्न तोंडावर आलेलं, आणि गावच्या शाळेत देवीडॉक्टर येऊन बसला. म्हणजे देवीची लस टोचणारा. आसपास कुठंतरी एक आजारी सापडला होता म्हणे, म्हणून सगळ्या गावाला टोचायचं होतं. गाव शाळेच्या फाटकाशी जमलं आणि फाटकाशीच थांबलं. आत जाईना कोण! तेव्हा हा आपला सयाजी, तालमीतला गडी, छाती काढून आत गेला आणि बाहेर येऊन ओरडला, "मुंगी चावल्यागत हाय रं! भ्याताय काय, बायल्यांनो!"

ती मुंगी त्याला पुढं चांगली हत्तीएवढी झाली. दंड सुजला, काखेत गाठ आली, अंगात ताप चढला, आणि टोचल्या जागी पाण्यानं भरलेला एक फोड उभा राहिला. डॉक्टरनं तसं आधीच सांगितलं होतं. म्हणाला होता, ताप येईल, फोड येईल, खपली पडेल, खूण राहील, घाबरू नका.

पण सयाजीच्या आईला, आमच्या आक्काला, ते कोण सांगणार? तिनं तो फोड बघितला आणि हातातली पळी खाली ठेवली. आक्काचा थोरला, आण्णा, देवीनंच नेला होता. त्यालाही आधी असाच ताप आला होता. म्हातारीनं दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला, पोराच्या अंथरुणाखाली लिंबाचा पाला पसरला, आणि घरातली फोडणी बंद केली. देवी घरात असली की फोडणी द्यायची नाही, तिला चटका बसतो. मटण नाही, दाढी नाही, लग्नकार्य तर नाहीच नाही. आमच्या घरातही देवी आल्या की असंच करायची पद्धत. त्या बाबतीत आमच्यात नि त्यांच्यात फरक नव्हता.

आणि देवी जायची कधी? तर ज्याच्या अंगावर आली त्याच्या तोंडून ती काय हवं ते मागणार, ते द्यायचं, मग ती जाणार. आक्का हात जोडून सयाजीच्या उशाशी बसली. "आई, काय पायजे? माग." आणि हा बाबा तापाच्या भरात काय बरळावा? "ढाक मार! टांग घाल! आपट त्येला!"

"लई रागावलीया," आक्का म्हणाली आणि डहाळ्याशेजारी आणखी एक डहाळा बांधला.

(इथं सयाजी हसायचा. दरवेळी हसायचा. आज नुसता मान हलवून अडकित्त्याकडं बघत राहिला.)

आणि नेमकं त्याच दिवशी गणपतराव हुपरीहून आले. दारावरचे डहाळे बघून रस्त्यातच थांबले. पायातलं पायताणसुद्धा काढलं नाही.

"पावणं, आत या की," मी म्हणालो.

"देवी हाय का घरात?"

"देवी न्हवं वो, सुईचा ताप हाय!"

"मग डहाळा कशाला?"

"हे बघा," गणपतराव म्हणाले, "डहाळा हाय तवर अक्षता न्हाईत. आनी आमाला थांबाय जमायचं न्हाय. दुसरी एक पोरगी बघूनशान ठेवलीया. डहाळा उतरला तर निरोप धाडा. न्हाईतर राम राम."

चिमणी सोप्यात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. मान वर केली नाही. नुसती निवडत राहिली. फक्त खडे सुपात राहायला लागले आणि तांदूळ अंगणात. कोंबड्यांचं जेवण झालं.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली! म्हटलं, आक्का, आता मी सुई घेतो. मलाही असाच ताप आला, असाच फोड आला, तर मानशील की नाही, ही देवी नव्हे, सुईचीच करामत म्हणून? आक्का म्हणाली, बघू.

मी तडक शाळेत गेलो. "टोचा! हव्या तेवढ्या टोचा!" डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, असा माणूस त्यानं नोकरीत बघितला नव्हता! आणि मदिना? अल्ला तिला जन्नत देवो, पण खरं ते सांगितलं पाहिजे. सुईचं नाव काढलं आणि बाई जी गायब झाली, ती दिवेलागणीपर्यंत कृष्णाताच्या उसात लपून!

मी परत दाराकडं बघितलं. चूल थंड होती. परातीवर माश्या बसल्या होत्या.

कृष्णातानं मात्र डोळे उघडले. "माझ्या उसात?" तोंड उघडलं, सयाजीकडं बघितलं, तोंड मिटलं. "म्हंजे... आसंल. आसंल की."

मयताच्या घरात कोण कशाला वाद घालेल?

मी आवाज चढवला. ताप? ताप असा आला म्हणता! मदिनानं माझ्या पाठीवर भाकरी टाकली, ती टम्म फुगली!

कुणी काही बोलेना.

दंड असा सुजला की सदरा फाडून काढावा लागला. कोल्हापूरच्या तालमीतले वस्ताद बघायला आले आणि म्हणाले, हा एक दंड आम्हाला द्या, बाकीचा इमाम तुम्ही ठेवा!

कुणी काही बोलेना. एकानं खाकरून घेतलं.

अंगावरची वाकळ धुमसायला लागली, आतला कापूस पेटला, आणि माझ्या तापावर शेजारच्या चार घरांनी पाणी तापवून घेतलं!

"व्हय व्हय," सयाजी हळूच म्हणाला. "त्या सालात ताप लई जालीम हुता."

अरे, काय माणसं आहेत! इतकं घशात अडकणारं खोटं, आणि नुसती गिळतायत! असल्या बैठकीत गोष्ट सांगायची म्हणजे भरल्या विहिरीत कापूस टाकल्यासारखं. आवाजच येत नाही.

पण आता थांबून चालणार नव्हतं. चिमणीचं लग्न अजून लागायचं होतं.

तर ताप आला, फोड आला. आक्का बघायला आली. मी म्हटलं, आता पटेल. तिनं फोड बघितला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आई गं! आता ह्या घरातबी आलीस?" झालं! माझ्याही दाराला डहाळा! एका घराचं दोन घरांत झालं! आता लग्न ह्या जन्मात लागत नाही.

म्हातारी उशाशी बसली. हात जोडले. डोळ्यांना धार. "माझा एक नेलास. दुसरा तुझ्या पायाशी पडलाय. पोरीचं घर मोडाय लागलंय. आई, काय पायजे तुला? माग एकदा!"

आणि मी मागितलं! डोळे मिटले, आवाज बारीक केला आणि वाकळेतून बोललो, "आक्का, चिमणीचं लगीन ठरल्या दिवशी कर. मला लगीन बघायचं हाय. आनी फोडणी घालूनशान कर! बिनफोडणीचं खाऊन माझं तोंड उतरलंय!"

आक्कानं जमिनीला डोकं टेकलं. उठली ती तडक दारात गेली, दोन्ही घरांचे डहाळे उतरवले. दुपारी तिच्या घरात जिरं-मोहरी तडतडली आणि अख्ख्या गल्लीला ठसका लागला. माणूस हुपरीला धावला. लग्न ठरल्या दिवशी लागलं! सयाजीचा दंड तेवढा फडक्यात बांधलेला. पाहुणे गळ्यात पडायला यायचे आणि हा पैलवान गडी "आयाया" करून मागं सरायचा. चिमणी माझ्या गादीवर बसून हुपरीला गेली, आणि आज तिची नातवंडं पैंजण घालून नाचतात. ते सगळं ह्या दंडानं केलं, मंडळी! ह्या डाव्या! मदिना उसात बसली होती तेव्हा, हा इमाम...

"खोटं!"

मी एकदम दाराकडं वळलो. खरंच सांगतो, चुलीकडंच बघितलं मी आधी.

चिमणाबाई उंबऱ्यावरून उठून उभी होती. पदर खोचलेला, डोळे लाल.

"खोटं बोलतासा, इमामदादा! आक्काच्या मागनं पान्याची घागर घिऊन मी आलती त्या खोलीत. वाकळंखाली कोन हुतं ते मी बघिटलंय. मदिनावैनी हुती! सुई तिनं टोचून घेटली, माझ्यापायी! दात वाजत हुते तिचे, अंगाला हात लावू देत न्हवती. आक्का पाया पडाय वाकली तवा त्या तापात वैनीनं माझ्याकडं बघून एक डोळा मिटला!"

कृष्णात ताठ बसला. "आनी ह्ये?"

"ह्ये? ह्येच बसलंवतं तुझ्या उसात! दिवं लागल्यावर म्या हाका मारून बाहीर काडलं."

"तरी म्हटलं!" कृष्णात मांडीवर थाप मारून ओरडला. "माझा बा म्हनायचा, उसात कोन तरी मानूस शिरलंतं, धा कांड्या खाऊन गेलं!"

सयाजीच्या अंगातून कसलातरी आवाज आला. बघतो तर अडकित्ता बाजूला आणि गडी तोंडावर पंचा धरून गदगदा हलतोय. मांडवाच्या टोकापर्यंत माणसं हलायला लागली.

चिमणाबाई मात्र हसत नव्हती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दुखन्यात हातपाय दाबायची मी तिचं. डाव्या दंडावर खूण हुती तिच्या. मातीत गेली संगट. ती खूण कवा पुसत न्हाय, दादा. तुमच्या दंडावर आसंल तर दावा की. करा बाही वर!"

बाही वर केली असती हो. पण काय करणार, गारठा फार आहे.