परतीचा रकाना

आमच्या घराकडे येणाऱ्या पाखाडीला सत्तावन्न पायऱ्या आहेत. रुंदी साडेचार फूट. समोरून माणूस आला तर दोघांनी जरा अंग चोरायचं आणि पुढे व्हायचं, एवढाच प्रश्न. पण माझे शेजारी नाना सारंग यांनी हा प्रश्न गेली अकरा वर्षं सुटू दिलेला नाही.

उन्हाळ्यात नाना डाव्या बाजूने चालतात. ते ठीक, रस्त्याचा नियमच तसा. पण पावसाळ्यात पाखाडीवरून पाणी वाहू लागलं आणि घोट्याच्या वर आलं, की ते एकदम उजवी बाजू धरतात. पहिल्याच पावसाळ्यात आमची टक्कर झाली आणि माझ्या पिशवीतले नारळ पंधरा पायऱ्या गडगडत गेले.

"अण्णा, डावीकडून कसे येता?" नाना माझ्यावरच ओरडले.

"काल तुम्हीच डावीकडून जात होता!"

"काल जमीन होती. आज पाणी आहे. पाण्यावर समोरासमोर आलं तर दोघांनी उजवीकडे वळायचं. लिहिलंय ते लिहिलंय."

"आणि पाणी घोट्याएवढंच असलं तर?"

नानांनी विचार केला. खाली वाकून स्वतःचा पाय पाहिला. "मोजायला लागेल," ते म्हणाले. तेव्हापासून शंका आली की ते पाण्यात पाय सोडून मोजतात आणि मी डोक्यावर छत्री, हातात पिशवी घेऊन निकालाची वाट पाहत उभा असतो. मी मोजणी खात्यातला कारकून आहे. मोजण्याला माझा विरोध नाही. पण माणसाला घरी जायचं असतं.

नाना तरुणपणी किनाऱ्यावरच्या आगबोटीवर सुकाणू धरायचे. एक डोळा अधू झाला, बोट सुटली आणि सरकारने त्यांना आमच्या खाडीवरच्या लाकडी पुलाची राखण दिली. बोटीवरून उतरताना ते बाकी सगळं तिथेच ठेवून आले. नियम तेवढे बरोबर आणले, आणि एक पितळी शिट्टी. उजवीकडे वळायचं तर एक छोटी शिट्टी, डावीकडे दोन, मागे सरायचं तर तीन. आमच्या ओटीवर बसून निघताना ते आधी तीन शिट्ट्या देतात आणि मग पाट मागे सारतात. आमच्या न्हाणीघराच्या चुलीचा धूर त्यांच्या परसात गेला की नाना धुक्याचा नियम लावतात: दर दोन मिनिटांनी एक लांब शिट्टी. एका रविवारी वैतागून मी भिंतीवरच्या घड्याळावर लक्ष ठेवलं आणि कुंपणावरून सांगितलं, "नाना, मघाची शिट्टी दोन मिनिटं दहा सेकंदांनी झाली."

मला वाटलं, शरमतील. त्यांनी मनापासून आभार मानले.

घरात ते एकटेच. पुलावर लागले त्याच वर्षी त्यांची बायको माहेरी गेली आणि तिकडेच तापाने वारली, असं शेजारीपाजारी सांगत. नाना तो विषय काढत नसत आणि मीही काढला नाही.

पूल दोनशे बारा फूट लांब आहे; मी स्वतः मोजला आहे. त्याच्या तोंडाशी चौदा नियमांचा बोर्ड. गाडी एका वेळी एक. गुरं सहाच्या वर नाहीत. पुलावर धावू नये. पावलाला पाऊल मिळवून चालू नये, त्याने पूल हलतो. पेटती चूड नेऊ नये. मचव्याने पुलाखालून जाताना डोलकाठी उतरवावी, खांबाला दोर बांधू नये. दर दिवाळीला नाना बोर्डाची अक्षरं स्वतः रंगवतात. कोणी काही विचारलं की उत्तर एकच: "बोर्ड वाचा." ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवतात, चौदाच्या चौदा.

"काय वो नाना," एकदा डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण त्यांना म्हणाली, "माजी मासली नासंल, पन तुमचा बोर्ड काय सरायचा नाय!"

"सातवा झाला. निम्मे राहिले," नाना म्हणाले.

पण खरा छळ वहीचा. रोजच्या माणसांची ते नुसती रेघ ओढतात, परंतु पाहुणे, वऱ्हाडी, लांब जाणारे यांची पूर्ण नोंद: नाव, माणसं किती, कुठे, कशासाठी, आणि शेवटी एक रकाना, 'परत'. हा शेवटचा रकाना सरकारचा नव्हे. किती माणसं गेली एवढंच सरकारला हवं असतं. ती परत आली का, हे फक्त नानांना. संध्याकाळी परतायचं सांगून गेलेला माणूस आला नाही तर ते पुलावरून हलत नाहीत, आणि तो आला की त्याला झापतात.

आमच्या वेणूचं लग्न ठरलं ते पुलापलीकडे अकरा मैलांवर, लग्नही तिकडेच. वैशाखातला गोरज मुहूर्त. दुपारी बारापूर्वी पूल ओलांडायचा हे मी वेळापत्रकात लिहिलं होतं. त्यात 'नाना' लिहिलं नव्हतं, ही माझी चूक.

"वाजंत्री बंद करा," नाना म्हणाले. "तालात पावलं पडतात. आणि गाड्या रिकाम्या करा. माणसं सहा-सहा."

"नाना, मुहूर्त आहे!"

"मुहूर्ताला मोकळ्या जमिनीवर पोचाल. बोर्ड वाचा."

एकेचाळीस माणसं. नवरी मुलगी शेवटच्या पाचांत, शालू सावरत, हसू दाबत. "नानाकाका, डावीकडून ना?" तिने विचारलं. "डावीकडून, बाय," ते म्हणाले आणि वहीत लिहू लागले. या सगळ्यात एक तास गेला. मुहूर्ताला चार मिनिटं उरली असताना आम्ही मांडवात पोचलो. व्याही काय म्हणाले ते मी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. नानांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"चाळीस. एक कमी."

"मुलगी दिली हो तिकडे!"

"ते झालंच. परत कधी?"

"नाना, लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या पुढे रेघ मारा आणि मोकळे व्हा."

"रेघ कशी मारू? पुलावरून गेलेलं माणूस आहे." आणि त्यांनी तो रकाना कोरा ठेवला.

जावईबापू तिला मुंबईला घेऊन गेले. दिवाळसणाला रजा मिळाली नाही. चैत्रात ती सासरी आली तीही तिकडच्या बंदरात उतरून. पंधरा महिने पोर माहेरी आली नाही, आणि दर पंधरवड्याला पाखाडीत कधी डाव्या, कधी उजव्या बाजूला उभं राहून नाना विचारत, "अण्णा, ती नोंद उघडी आहे. काय कळलं का?" घरात बायको डोळ्यांना पदर लावायची, आणि बाहेर हे. मी नानांना एकदा चांगलाच बोललो. ते तीन शिट्ट्या देऊन मागे सरले.

श्रावणात वेणूला सातवा लागला. बाळंतपणाला पाठवतो असं विहीणबाई म्हणत होत्या. पाठवलं नेमकं खाडीला पाणी चढलं त्या दिवशी. दुपारी डाकवाला भिजून घरी आला. "अण्णा, तुमची वेणूताय पलीकडं गाडीत बसलीय. नाना गाडी सोडत नाय."

मी आणि बायको धावत गेलो. पाणी खांबावरच्या तांबड्या रेघेवर होतं. तांबड्या रेघेला गाड्या बंद. पायी एका वेळी एक, तो उतरल्याशिवाय दुसरा नाही. वर एक वीत काळी रेघ. तिला पाणी लागलं की पूलच बंद, किती दिवस ते खाडी ठरवणार. पाऊस असा की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं.

"मी जातो," मी म्हणालो.

नाना आडवे आले. "तुम्ही धावाल."

"माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच धावाल. आणि घसराल." त्यांनी चौकीतून वहीचं बाड आणलं आणि माझ्या हातात दिलं. आजवर त्यांनी त्याला कोणालाही हात लावू दिला नव्हता. "भिजू देऊ नका. दर दोन मिनिटांनी शिट्टी देईन. ऐकू आली म्हणजे समजा, ठीक आहे."

पुलाच्या तोंडाशी ते थांबले. फळ्यांवर पावसाचं पाणी साचलं होतं. नानांनी त्यात पाय सोडला, घोटा पाहिला, आणि डाव्या बाजूने निघाले. त्या क्षणी मी त्यांना ढकललं असतं.

मग नुसता पाऊस. घड्याळ घरी राहिलं होतं. मी वही छातीशी धरून मोजू लागलो. एकशे अठराला शिट्टी आली. पुढची एकशे वीसला. आणखी एक. मग बराच वेळ ते पलीकडेच असावेत, कारण शिट्टी एकाच जागेवरून येत होती. मग ती जरा जवळ आली. त्यानंतर मी एकशे वीस मोजले, आणि काहीच नाही. एकशे तीस. एकशे चाळीस.

"मोजू नका हो," बायको म्हणाली. मला थांबता येईना.

एकशे एक्कावन्नला शिट्टी आली, अगदी समोर. पावसातून आधी नानांची टोपी दिसली, मग वेणू, एक हात कठड्यावर, दुसरा नानांच्या हातात. एकेक फळी. तिने या टोकाला पाय ठेवला आणि आईच्या गळ्यात पडली. बायको तिला घेऊन घराकडे चालू लागली.

मी नानांकडे वळलो. काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडातून आलं ते हे: "एकतीस सेकंद उशीर झाला."

"चूक झाली," नाना धापा टाकत म्हणाले. "मध्ये तिला चक्कर आली. दोन्ही हात गुंतले."

मी वही पुढे केली. मग म्हणालो, "आणि एका वेळी एक माणूस? तुम्ही दोघं होता."

"दोघं कुठे? मी एक." नानांनी वही घेतली. "ती गेल्या वर्षीच्या वैशाखातच पुलावर चढलीय. उतरायची तेवढी राहिली होती."

चौकीत बसून त्यांनी वेणूपुढचा रकाना भरला. अक्षरं बोर्डासारखीच, ठसठशीत. मग बाड माझ्याकडे सरकवलं. "तपासा. तुम्ही हिशोबी माणूस. कुठे काही उघडं नाही ना?"

मी सवयीने शेवटापासून सुरुवातीपर्यंत पानं उलटत गेलो. अकरा वर्षांत गेलेली माणसं, आणि प्रत्येकापुढे 'परत'. वाजंत्री परत, व्यापारी परत, यात्रेकरू परत. पहिल्या पानावर आलो. वरून तिसरी ओळ. 'सौ. जानकी सारंग. एक. माहेरी.' पुढचा रकाना कोरा होता.

मी बोट तिथे ठेवलं. मग उचललं.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," नाना म्हणाले. त्यांनी टोपी पिळली, बाहेर वाकून खांबावरची रेघ पाहिली. "पूल उभा आहे तोवर राहू दे."