मुशी-मोरीचा तंटा आणि राणीसाहेबांची भूक

श्रीसमुद्रदेवास नमन, आणि त्याच्या पोटातील मत्स्यांस दुप्पट नमन, कारण राज्यकर्त्यांहून त्यांस अक्कल बरी. शके पंधराशे चौऱ्याऐंशी, शुभकृत् नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एके किनारी राज्यात राणीसाहेब हंसाबाई प्रसूत जाहल्या, पुत्र जाहला, तोफा सुटल्या, आणि राणीसाहेबांस दूध मात्र येईना. मूल रडून काळेनिळे पडले. तेव्हा सुईण म्हाकूबाई बोलिली, "बाळंतिणीला मुशी-मोरीचं कालवण घाला, पान्हा फुटेल." मग कोळीवाड्यातून त्या माशांच्या दोन पाट्या आल्या. एकीत मुशी, नाक फावड्यासारखे चपटे. दुसरीत मोरी, नाक निमुळते आणि तोंडाच्या कोपऱ्यांशी लांब चिरा. बाकी रंग तोच, खरबरीत कातडे तेच, चुलत बहिणीच म्हणाना. घरोघर बाया दोन्ही नावे एका दमात घेतात. परंतु दरबाराने त्या जोडशब्दाचे भांडण केले, की मुशी की मोरी? राजवैद्य भानजी मुशीचे जाहले आणि त्र्यंबकशास्त्री मोरीचे जाहले, आणि दोघांनी नाके मोजिली, दात मोजिले, आणि हुकूम काढविला की निर्णय होईतो बाळंतिणीने अन्न घेऊ नये, नाहीतर गुण कोणाचा हे कळावे कैसे? महाराज दोहींकडे मान डोलवीत बसले. मग मत्स्यांची पोटे चिरिली, तो दोहींत जिवंत पिले, नाळेसकट! शास्त्री ओरडिले, "मासा आणि नाळ! मोरी माताच की हो!" भानजी गरजले, "माझीलाही नाळ आहे, डोळे फुटले काय?"

इतक्यात राणीसाहेब डोईस फडके बांधून, पोर कडेवर घेऊन भर सदरेवर आल्या आणि बोलिल्या, "वैद्यबुवा, ह्या मुशीचं आचळ दाखवा. शास्त्रीबुवा, तुम्ही तुमच्या मोरीचं दाखवा. नाही ना? दोघींच्या पोटी पिलं, दूध एकीलाही नाही, आणि तुम्ही मला उपाशी मारताय! म्हाकूबाई, दोन्ही एकाच टोपात टाक. आणि भात जास्त लाव."

मग राणीसाहेब पोटभर जेवल्या, आणि दुसरे दिवशी पान्हा फुटला, आणि राजपुत्र पिऊन शास्त्रीबुवांचे मांडीवर ओकले. तरी भानजी म्हणे मुशीचा गुण, शास्त्री म्हणे मोरीचा, आणि महाराजांनी दोघांस शालजोड्या दिधल्या. भाताचे नाव कोणी घेतले नाही.

एवंच, त्या राज्यात माशांची नाके मोजिली गेली. बाई जेवली काय, हे कोणी पुसिले नाही. इतके लिहिले, पुरे जाहले.