आधी कप्पा बघू दे

आमच्या कसबा बावड्यातले दत्तूकाका कुणाच्याही घरी गेले की थेट फ्रीज उघडतात. राम राम नंतर. "थांबा, आधी कप्पा बघू दे!" म्हणत दारातले प्लास्टिकचे कप्पे अंगठ्यानं एकेक दाबायचे आणि जरा चीर दिसली की, "ह्यो गेला. आज न्हाय तर उद्या पडतोय बघा." मग खिशातून सोल्युशनच्या दोन ट्यूबा, पॉलिश पेपरचा तुकडा आणि कपड्यांचे चिमटे निघतात.

बरं, चिकटवून निघून जातील तर ते दत्तूकाका कसले! वाळेपर्यंत पहारा. आमच्याकडं एकदा कप्पा ओट्यावर ठेवून समोर खुर्ची टाकून बसले. आईनं पीठ मळायला घेतलं तर ओरडले, "वहिनी, भाकरी थापू नका, हादरा बसतोय!" त्या दिवशी आम्ही पाव खाल्ला.

असा माणूस मुलगी बघायला न्यायचा? पण वडील नाहीत, वडीलधारं कुणीतरी पाहिजे म्हणून आईनं त्यांनाच सांगितलं. चौतिशी आलेली, नकार ऐकून ऐकून जीव विटलेला, आणि गारगोटीच्या सुप्रियाचं हे स्थळ मला मनापासून आवडलेलं. गाडीत मी काकांना हातच जोडले. "काका, आज फ्रीज नको."

"खुळा काय रं? एवढं कळत न्हाय व्हय मला?"

बैठकीत काका शहाण्यासारखे बसले. ऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, दोन्हीकडचे पाहुणेरावळे ओळखीचे निघाले. माझा घाम जरा वाळला. तेवढ्यात काका "पाणी पितो" म्हणून उठले, आणि मुलीचे वडील "बसा की पावणं, आणतील" म्हणेपर्यंत आत गेलेसुद्धा.

खाड्! मागोमाग अंडी फुटल्याचा आवाज.

मेलो! आम्ही सगळे आत धावलो. काकांच्या एका हातात अर्धा कप्पा, दुसऱ्यात अर्धा, पायाशी अंडी आणि टोमॅटो. आईनं पदर तोंडाला लावला. मुलीचे वडील लालबुंद. "पावणं, ही काय रीत झाली?"

काकांचं लक्षच नव्हतं. मोडक्या कप्प्याला लोंबणारा दोरा ते बघत होते. "ह्यो कुणी बांधला?"

मुलीची आई ओशाळली. "मीच. लई दिवस झालं मोडून. बांधला की चालतंय तेवढं."

"मला बोलली न्हाईस कधी?" वडील म्हणाले.

"तुमी फ्रीज उघडता व्हय कधी?"

काका तिथंच फरशीवर बसले. कप्प्याच्या कडा पुसल्या, घासल्या, सोल्युशन कालवलं. मग मान खाली घालूनच म्हणाले, "आमच्या हिनं नाडीनं बांधलावता. मला समदं हातात मिळायचं, पाणीबी. ती गेली, मग पहिल्यांदा मी फ्रीज उघडला, तर कप्पा पायावर पडला. तवा कळलं मोडलाय म्हणून. एका शब्दानं बोलली न्हवती हो."

इतकी वर्षं या माणसाला हसलो, आणि हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मला भडभडून आलं.

मुलीचे वडील फडकं घेऊन अंडी पुसायला लागले. काकांनी कप्प्याचे तुकडे जुळवून धरले आणि माझ्याकडं बघितलं. "बाळ्या, लगीन कुठंबी होऊ दे, हितं न्हाय तर दुसरीकडं. पण फ्रीज सोता उघडत जा. रोज."

"व्हय काका."

दारात सुप्रिया पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिनं बशा ओट्यावर ठेवल्या, अगदी अलगद, हादरा बसू न देता. आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"काकांचे दोन्ही हात अडकलेत. चिमटा तुमी लावा की."