नऊ तास मागे राहिलेल्या वहिनीसाहेबांची मोहीम

मंगळवारी सायंकाळी वहिनीसाहेबांची स्वारी विमानमार्गे परमुलखाहून घरी दाखल जाहली. तेसमयी दिवाणखान्यात जो सरंजाम उतरला त्याची मोजदाद येणेप्रमाणे: चाकांची पेटी एक, पैकी तुटके चाक एक, पाठपिशवी एक, पुलाचे बोल्ट ठोकून पाहण्याचा हातोडा एक, सुजलेली पाउले दोन, आणि शरीरातील घड्याळ एक, ते उत्तम चालते, परंतु नऊ तास मागे. राज्ये जातात आणि परत मिळतात, गेलेली झोप मात्र तहाने परत येत नाही, हे जाणोन पुढील प्रवाशांच्या उपयोगी पडावे म्हणोन घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही.

वहिनीसाहेब पुलांच्या तपासनीस. दोन महिने पश्चिमेकडील पूल ठोकून आल्या आणि आता रविवारी दुपारी तीन वाजता कन्यारत्नाची पोहण्याची शर्यत होती. कन्येस घरात बेडकी म्हणत. शर्यत उताणे पोहण्याची. त्यात पोहणाऱ्यास प्रेक्षकांचे सज्जे स्वच्छ दिसतात. गतवर्षीही मातोश्री अशाच परमुलखाहून येऊन सज्जात बसल्या होत्या, आणि बेडकीने पाण्यातून पाहिले तो मातोश्री आ वासून घोरत होत्या. तो घाव भरला नव्हता. सबब मंगळवारीच कन्येने गळामिठी सोडवून सुनावले, "आई, तू नाही आलीस तरी चालेल. पण येऊन झोपू नकोस."

हे शब्द वहिनीसाहेबांच्या काळजात रुतले. शर्यतभर डोळे उघडे ठेवीन, अन्यथा पुढील परदेशचा पूल पडला तरी पाहावयास जाणार नाही, ऐसा पण त्यांनी केला, आणि पण करता करता सोफ्यावर कलंडल्या.

बुधवारी खलबत बसले. यजमान दंतवैद्य, त्यांनी कॉफीची कुमक देऊ केली. शेजारीणबाईंनी अनवाणी गवतावर चालण्याचा सल्ला पाठविला. तो अमलात आणिला, पाय ओले जाहले, झोप जागची हलली नाही. आणि सासरेबुवा, जे निवृत्त कवायत शिक्षक, त्यांनी हुकूम फर्माविला की सूर्याइतका वैद्य दुसरा नाही, तरी सूनबाईंनी पहाट होताच आमच्यासमवेत रपेटीस निघावे. बुधवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवस सासरेबुवा पुढे आणि सूनबाई मागे, ऐशी फौज उगवत्या उन्हात मैदानाला फेऱ्या घालीत राहिली. मग दुपारी सूनबाई जेवणाच्या ताटावर डुलक्या घेऊ लागल्या, आणि रात्री टक्क जाग्या राहून कपाटे आवरू लागल्या.

धाकट्या वन्सं शरीरशास्त्राची पदवी नुकतीच घेऊन बसल्या होत्या. त्यांस हा प्रकार विपरीत वाटला. त्यांनी सासूबाईंचा थर्मामीटर मागोन गुरुवारी दिवसभर वहिनीसाहेबांच्या तोंडात घातला, काढला आणि पुन्हा घातला. तोंडातला पारा अंदाजच सांगतो, तरी अंदाज असा निघाला की शरीराची उष्णता दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत खाली जाते.

"बाबा, तुम्ही वहिनीला उलटीकडे चालवताय," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे? मैदानाला उजवीकडून फेऱ्या घालायच्या होत्या का?"

मग वन्संनी खुलासा केला तो ऐसा. उष्णता जेथे तळ गाठते तीच शरीराची खोल रात्र, आणि झोपेचा गनीम तेथेच छावणी टाकून असतो. घरी रोज राहणाऱ्याचा तळ पहाटे पाचच्या सुमारास असतो. वहिनींचे घड्याळ मागे, म्हणोन त्यांचा नऊ तास उशिरा, दुपारी दोनला पडला. तळाच्या नंतर उजेड मिळाला तर छावणी अलीकडे, म्हणजे लवकरच्या वेळेस, सरकते, तळाच्या आधी मिळाला तर पलीकडे. सकाळचे ऊन वहिनींच्या शरीरास संध्याकाळच वाटले, सबब त्याने दिवस आणखी लांबविला आणि गनीम दोनवरून तीनवर, म्हणजे नेमका शर्यतीच्या दारात, आणोन बसविला.

सासरेबुवा म्हणाले, "सूर्याची चूक नाही ना यात?"

"नाही बाबा. वेळेची."

शुक्रवारपासून डावपेच फिरला. दुपारी चारपर्यंत पडदे ओढले आणि वहिनीसाहेबांच्या नाकावर काळा चष्मा चढला, तो न्हाणीघरातही उतरला नाही. चार वाजल्यापासून मावळतीपर्यंत त्यांस गच्चीवर उन्हात उभे करण्याचे काम सासरेबुवांनी मागोन घेतले आणि सावली सरकेल तशी सूनबाईंची खुर्ची स्वहस्ते सरकविली. कॉफीस दुपारनंतर मनाई जाहली. डॉक्टरांस विचारोन मेलाटोनिनची लहान गोळी रात्री निजण्याआधी मुक्रर केली. ती गुंगी आणण्यास नव्हे, रात्र झाली हे शरीरास कळविण्यास. दंतवैद्यांनी द्राक्षासवाचा पेला सुचविला. वन्संनी उत्तर दिले की त्याने डोळा लवकर लागतो आणि लवकरच उघडतो, आणि पेला दंतवैद्यांनीच रिता केला.

रविवारी सकाळी हिशेब मांडला. तळ तीनवरून दीडच्या आसपास हटला होता. गनीम मागे सरला, मोडला नव्हता. जेवताना वहिनीसाहेबांची मान दोनदा खाली गेली. मग वन्संनी अखेरचा उपाय काढिला: आजपुरती मनाई उठवोन तलावाशी पोहोचताच कॉफी घटाघटा प्यावी, लगेच वीस मिनिटे निजावे, आणि कॉफी अंगात भिनते तोच उठावे. त्याहून जास्त निजल्यास शरीर खोल झोपेत शिरते आणि माणूस उठतो तो गोंधळलेला.

मसलत नामी होती. फक्त एक कायदा आडवा आला. सासूबाईंनी रुग्णालयात परिचारिका म्हणोन रात्रपाळ्या करण्यात उभी हयात घालविली होती, आणि घरात त्यांचा एकच कडक कानू होता: निजलेल्या माणसास कोणी उठवू नये. घर पेटले तर विझवावे, पण उठवू नये. त्या कानूखाली दंतवैद्यांच्या लग्नाची मंडळी दोन तास ताटकळली होती, कारण नवरदेव निजला होता.

तलावाबाहेर सासूबाईंसह सर्वांची मोटार उभी राहिली आणि बेडकी आत गेली. वहिनीसाहेबांनी कॉफी रिचविली, मागील आसनावर अंग टाकले आणि तत्काळ निजल्या. वीस मिनिटे भरली. दंतवैद्यांनी वन्संकडे पाहिले, वन्संनी सासरेबुवांकडे, आणि सासरेबुवांनी, ज्यांच्या शिट्टीने शाळेचे अख्खे मैदान जागचे हलत असे, खिडकीबाहेर पाहिले.

"अरे, उठवा कुणीतरी तिला," दंतवैद्य कुजबुजले.

"बायको तुझी," वन्सं म्हणाल्या.

"आई माझी आहे, त्याचं काय?"

आतून नावे पुकारल्याचा आवाज आला. तेव्हा सासूबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेविली आणि हुकूम केला, "सरका बाजूला. उठवायचं कसं तेही येत नाही तुम्हाला." मग त्यांनी खांदा धरिला नाही, हाक मारिली नाही, रुग्णास दचकवू नये म्हणोन परिचारिका करतात तैसा पायाचा अंगठा दोन बोटांनी हळूच हलविला. वहिनीसाहेबांनी डोळे उघडिले.

"ऊठ गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "लेक पाण्यात उतरतेय. मी उठवलं म्हणून कुणाला सांगू नकोस."

मंडळी सज्जात पोहोचली तो शर्यतीची शिट्टी होत होती. वहिनीसाहेब बसल्या नाहीत. कठडा धरोन उभ्या राहिल्या. बेडकी सहाव्या पट्ट्यात होती. पहिल्या दहा हातांतच तिने मान वळवून सज्जाकडे पाहिले, मग पुन्हा पाहिले, आणि मग दोरीस आपटली आणि सरळ होऊन हात मारू लागली.

मोहीम फत्ते जाहली, त्याची नोंद येणेप्रमाणे: अंतर पन्नास मीटर, उताणे. कन्येची वेळ एक मिनिट चार सेकंद, आठांत सातवी. मातोश्रींचे डोळे दोन, आरंभापासून अखेरपर्यंत उघडे, दोन्ही.